‘ठाव लागत नाही’ : पाण्यातला, घरातला आणि डोक्यातला

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. राजांगणाचं, म्हणजे मधोमध उघडा चौक असलेलं, जुनं घर सोडून त्यांचं कुटुंब पणजीत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलं. तेव्हापासून त्यांच्या आजी सारख्या म्हणतात, ‘या घरात मला ठाव लागत नाही गो.’ ताई विचारतात, ठाव लागणं हे पाण्याबद्दल म्हणतात ना? मग घराबद्दल म्हटलं तर चूक का?

चूक मुळीच नाही. आजींनी तो शब्द त्याच्या मुळाशी नेऊन वापरला आहे.

विहिरीत उतरल्यावर पाय तळाला टेकले की ठाव लागला म्हणतात, हे खरंच. पण ‘ठाव’चा पहिला अर्थ जागा. ‘ठावठिकाणा’त तो अजून तसाच आहे. शब्द संस्कृत ‘स्था’ धातूच्या कुळातला. ठाण, ठायी, ठेवणं ही त्याची भावंडं. (‘जागा’ मात्र या कुळातला नव्हे, तो फारसीतून आला. आणि ‘जागा झालो’मधल्या ‘जागा’शी त्याचं काहीच नातं नाही.) ठावावरूनच ‘ठावा’ म्हणजे माहीत असलेला, आणि त्याच्याच जोडीचा आपला रोजचा ‘ठाऊक’. एखादी गोष्ट कळणं म्हणजे तिला आपल्यात ठाव मिळणं, असं आपली भाषा मानते. इमारती उभ्या करणारा तो स्थपती, त्याची विद्या ते स्थापत्य, तेही ‘स्था’चंच. म्हणजे ‘स्थापत्य’ आणि ‘ठाऊक’ एकाच घरातले निघाले. हे पहिल्यांदा लक्षात आलं त्या दिवशी मी दुसरं काही वाचू शकलो नव्हतो.

आता मेंदूकडे येतो, कारण तिथेही हीच सोयरीक आहे. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे. नव्या आठवणी तयार होणं त्याच्यावर अवलंबून असतं. 1971 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओ'कीफ यांना उंदरांच्या याच भागात अशा पेशी सापडल्या, ज्या प्राणी खोलीतल्या ठरावीक जागी पोचला की चेततात. एक पेशी या कोपऱ्यात, दुसरी त्या भिंतीपाशी. 2005 मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांनी शेजारच्याच भागात अंतर-दिशेची जाळी विणणाऱ्या, म्हणजे आपण किती आणि कुठल्या दिशेने सरकलो याचा हिशेब ठेवणाऱ्या पेशी दाखवल्या. 2014 चं वैद्यकाचं नोबेल या तिघांना मिळालं. अशा पेशी पुढे माणसांतही आढळल्या. जागेचा नकाशा आणि आठवण यांचा कारभार मेंदूत एकाच ठायी चालतो. नव्या खोलीत गेलं की तोच पेशीसमूह वेगळ्या मांडणीने चेततो, नकाशा नव्याने बसवावा लागतो. उतारवयात हे काम जड जातं.

डिचोलीच्या घरात आजींच्या नकाशाला किती खुणा असतील! चिऱ्याच्या पायऱ्या, पुढची तुळस, शिंपल्यांच्या खिडकीतून येणारा दुधी उजेड, आणि मधोमध राजांगण. कुठल्याही खोलीतून बाहेर आलं की समोर तेच उघडं आभाळ, आणि आपण कुठे आहोत हे विचारावंच लागत नाही. फ्लॅटच्या लांब बोळात एकसारखी दारं. पाय टेकवायला तळ कुठे आहे?

मूळ गोव्याचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया आभाळाला उघड्या जागांसाठी आयुष्यभर आग्रही राहिले. पणजीच्या कला अकादमीची इमारत त्यांचीच. आणि अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठाची मेंदूविज्ञानाची इमारत बांधायची वेळ आली तेव्हा तीही त्यांनीच रचली, 2005 मध्ये ती पुरी झाली. तिच्याही पोटात वरून उजेड येणारा मोठा चौक आहे. मला त्यात आपलं राजांगण दिसतं.

वापराचा एक बारकावा मात्र सांभाळा. ‘घराचा ठाव लागत नाही’ म्हटलं तर पत्ता सापडत नाही असा अर्थ होईल. ‘मनाचा ठाव लागत नाही’ म्हणजे समोरच्याच्या मनात काय आहे ते कळत नाही. आजींनी ‘घरात’ आणि ‘मला’ म्हटलं. घर सापडलेलं आहे, त्या स्वतःच तिथे अजून टेकलेल्या नाहीत. देव्हारा आणि त्यांची खुर्ची जुन्या घरात जशी समोरासमोर होती तशीच मांडून बघा. ‘लागत नाही’चं ‘लागला’ व्हायला तेवढी खूणही पुरू शकेल.