पर्यायी इंधनांवर संशोधन करायचं आहे. हायड्रोजनकडे जाऊ की इथेनॉल-बायोगॅसकडे?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. एम.एस्सी. झाली आहे, इंधनावर काम करायचंय, हायड्रोजन की बायोगॅस ते ठरत नाही, इथपर्यंत ठीक. पण "सर म्हणतात, मळी आणि शेणाच्या इंधनात संशोधन करण्यासारखं आता काही उरलेलं नाही" हे तुमच्या सरांचं म्हणणं साफ चूक आहे. मी एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत बरीच वर्षं केमिस्ट होते. अगदी हेच वाक्य मला तिथे आलेल्या एका सल्लागारांनी ऐकवलं होतं, तेही कोणत्या वेळी ते सांगते.

स्पेंटवॉश तुम्हाला माहीत असेल: मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा काळा पाक, आंबवून त्यातून अल्कोहोल काढलं की उरणारं सांडपाणी. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर निघतो, सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लाखाच्या घरात, ओढ्यात गेला तर मासे तरंगतात. तो डायजेस्टरला, म्हणजे जिवाणूंच्या हवाबंद टाकीला, घालायचा, तिथे तयार झालेला मिथेन बॉयलरला द्यायचा, तेवढा बगॅस (उसाचा चोथा) जाळायचा वाचतो. कागदावर सोपं आहे.

त्या वर्षी पावसाळ्यातल्या बंदनंतर डिस्टिलरी सुरू झाली. डायजेस्टर थंड पडलेला, आतले मिथेन करणारे जिवाणू कित्येक आठवडे उपाशी. अशा वेळी फीड, म्हणजे आत सोडायचा स्पेंटवॉश, जपून वाढवावं लागतं. पण लगून (स्पेंटवॉश साठवायचं तळं) काठोकाठ भरलेलं, अल्कोहोलच्या ऑर्डरी लागलेल्या, प्लांट हळू चालवायची कुणाची तयारी नव्हती. फीड झपाट्यानं वाढवलं. मी प्रत्येक शिफ्टला नमुना आणून व्हीएफए (आत साचणारी सेंद्रिय ॲसिडं) आणि अल्कलिनिटी (ॲसिड झेलायची ताकद) काढत होते. दोन्हींचं गुणोत्तर ०.३ च्या आत असलं की निर्धास्त राहावं. ते ०.५ च्या पुढे गेलं तेव्हा मी लेखी दिलं की फीड निम्म्यावर आणा. त्यावर बैठक झाली. सल्लागार साहेबांनी लॉगशीट पाहिली आणि म्हणाले, "पीएच सातच्या वर आहे मॅडम, मग प्रॉब्लेम काय? टायट्रेशनमध्ये वेळ घालवू नका. बायोगॅसमध्ये नवीन काही नाही, सगळं पुस्तकात सोडवून झालंय."

आता हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. डायजेस्टरमध्ये बायकार्बोनेट भरपूर असतं. ॲसिड साचत जातं तेव्हा आधी ते बायकार्बोनेट खर्च होतं, आणि तोवर पीएच जागचा हलत नाही. ज्या दिवशी पीएच उतरलेला दिसतो, त्या दिवशी आतले जिवाणू आधीच मोडून पडलेले असतात. म्हणून पीएचच्या भरवशावर डायजेस्टर चालवणं मला मान्य नव्हतं, आजही नाही.

बैठक संपली, फीड तसंच चालू राहिलं. मग बॉयलरवरचे मामा लॅबच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, गॅसची ज्योत धरत नाही, सारखी विझतेय." गॅसमधला मिथेन घटून कार्बन डायऑक्साइड वाढला होता. त्यानंतर पीएच एका रात्रीत कोसळला. डायजेस्टर आंबला. फीड पूर्ण बंद, चुना, गावातून ट्रॉल्या भरभरून ताजं शेण, शेजारच्या कारखान्यातून टँकरनं आणलेला चालू डायजेस्टरचा गाळ, असं सगळं करून तो परत रुळावर आला तेव्हा हंगाम बराच उलटून गेला होता. आजूबाजूच्या वस्तीला त्या काळात जो वास सोसावा लागला त्याबद्दल कुणी त्यांची विचारपूसही केली नाही. अंतिम अहवालात लिहिलं गेलं, "कच्च्या मालातील बदलामुळे तात्पुरती अस्थिरता." माझ्या आकड्यांचा त्यात उल्लेख नव्हता. ती व्हीएफएची वही मी जपून ठेवली आहे, आणि पीएचवाल्या कुणालाही दाखवायची माझी तयारी आहे.

"नवीन काही नाही" म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा खरा आहे: विषय जुना आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस काढला जात होता. पण विषय जुना असला म्हणजे तो संपला असं होत नाही. मध्यम कारखान्याला परवडेल आणि स्पेंटवॉशच्या घाणीत टिकेल असा, व्हीएफए सतत मोजणारा स्वस्त सेन्सर मला कधी वापरायला मिळाला नाही. मळीत सल्फेट असतं, त्यामुळे गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड येतो आणि पाइप, बर्नर, इंजिन सगळं खाऊन टाकतो. मिथेन काढून झाल्यावरही पाण्याचा तो काळपट रंग जात नाही, कारण त्यातलं मेलॅनॉइडिन हे रंगद्रव्य जिवाणूंना सहज पचत नाही. म्हणून मग ते पाणी आटवून बॉयलरमध्ये जाळायचं. त्या राखेत पोटॅश असतं, आणि पोटॅश आपला देश जवळपास सगळं बाहेरून आणतो. यातल्या एकेका ओळीवर पीएच.डी. उभी राहते.

आणि प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ. तुम्ही शहरातले असाल तर त्याचे ढीग पाहिले नसतील. उसाच्या वजनाच्या तीन-चार टक्के निघतो. साधारण २५ टन प्रेसमडपासून टनभर सीबीजी (शुद्ध करून दाबाखाली भरलेला बायोगॅस) मिळतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या 'सतत' (SATAT) नावाच्या योजनेनंतर सीबीजीचे प्लांट उभे राहू लागले. अडचण अशी की गाळप चालतं चार-पाच महिने आणि प्लांट चालवायचा बारा महिने. उघड्यावर ठेवलेला प्रेसमड कुजत जातो, तापतो, आणि मिळायचा तो मिथेन हवेत जातो. तो स्वस्तात कसा साठवायचा, हा माझ्या मते महाराष्ट्रासाठी हायड्रोजनपेक्षा निकडीचा प्रश्न आहे.

हायड्रोजनबद्दल स्पष्टच बोलते. तो ऊर्जेचा स्रोत नाही, वाहक आहे. किलोभर हायड्रोजनला इलेक्ट्रोलायझरमध्ये ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि त्यात उरते साधारण ३३ युनिटांची ऊर्जा. तो साठवा, दाबा, न्या, परत वीज करा, प्रत्येक पायरीला गळती. स्कूटर आणि कार त्यावर चालवण्यात मला काही अर्थ दिसत नाही, तिथे बॅटरी पुरेशी आहे. खत कारखान्यांतला अमोनिया, रिफायनरी, पोलाद इथे मात्र हिरवा (अक्षय ऊर्जेच्या विजेवर केलेला) हायड्रोजन लागणारच आहे. २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनमध्ये त्यासाठी १९,७४४ कोटी ठेवले आहेत, म्हणजे फेलोशिप तिथे लवकर मिळेल हेही खरं.

इथेनॉलच्या साध्या किण्वनात मी तुम्हाला पाठवणार नाही, तेवढ्यापुरतं तुमच्या सरांचं बरोबर. शिवाय तिथे धोरण एका आदेशानं फिरतं: डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आले आणि पुढच्या वर्षी उठले. तुमचा प्रयोग तोवर अडकून पडायचा.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. माझा सगळा अनुभव मळीचा आहे. धान्य किंवा भाताच्या पेंढ्यावर चालणाऱ्या प्लांटचं गणित वेगळं असतं. ऊस पाणी किती पितो, तेही विसरू नका. उसाचं इंधन म्हणजे आपोआप हिरवं असं मी म्हणत नाही. आणि तुमचा कल इलेक्ट्रोकेमिस्ट्रीकडे असेल, उत्प्रेरकांमध्ये रस असेल, तर खुशाल हायड्रोजनकडे जा. प्रोटॉन-मेम्ब्रेन इलेक्ट्रोलायझरमधलं इरिडियम (दुर्मीळ, महागडा धातू) कमी करणं हे खरं काम आहे.

पण बायोगॅस घेतलात तर मार्गदर्शक निवडताना त्यांना एकच विचारा: तुमच्या लॅबपासून सर्वांत जवळचा चालू डायजेस्टर कुठे आहे आणि त्याचा नमुना मला दर आठवड्याला आणता येईल का? उत्तर मिळालं नाही तर दुसरा मार्गदर्शक शोधा. मिळालं तर पहिला पूर्ण हंगाम नुसतं व्हीएफए, अल्कलिनिटी, गॅसमधला मिथेन आणि सल्फाइड मोजत राहा, आणि सुरुवात पावसाळ्यानंतर प्लांट परत उचलतात तेव्हा करा. ते आकडे पेपरात छापा, कारखान्याचं नाव न घेता. पुढच्या केमिस्टला बैठकीत समोर ठेवायला काहीतरी छापील मिळेल.