गोल जंत त्यांच्या कार्बोहायड्रेटमध्ये कोणते रासायनिक बदल करतात? परीक्षेला किती लिहावं?

किती लिहावं ते तुमच्या सरांना विचारा. आमच्या सरांनी एमएस्सीला एका ओळीत उरकलं होतं: ‘काम प्रोटीन करतं, साखर म्हणजे वरची नक्षी.’ साखर म्हणजे इथं तुमचं कार्बोहायड्रेट, प्रोटीनला चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या. त्या नक्षीचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितोय.

मी जत तालुक्यातला. मामाची माडग्याळी मेंढरं. मी शेवटच्या वर्षाला होतो तेव्हा पावसाळ्यात लागोपाठ मरायला लागली. जबड्याखाली पाण्याची सूज, पापणी उलटली तर आत पांढरीफटक. डॉक्टरांनी मेलेलं एक फाडून चौथं पोट उघडलं. आत दोन-तीन सेंटिमीटरचे जंत वळवळत होते, लाल-पांढऱ्या दोऱ्याला पीळ घातल्यासारखे. लाल म्हणजे प्यायलेलं रक्त, पांढरं म्हणजे मादीचं अंडाशय. या गोल जंताचं नाव हिमाँकस. एक मादी दिवसाला 5 ते 10 हजार अंडी घालते.

मामा म्हणाला, “औषध पाजूनबी मरत्यात. लस न्हाई व्हय रं?”

मी सरांचंच ज्ञान ठोकून दिलं. जंताचं प्रोटीन बॅक्टेरियात बनवायचं आणि टोचायचं, झालं!

झालं काही नाही. जंताच्या आतड्यातलं एच-11 हे प्रोटीन जंतातूनच काढून टोचलं तर मेंढरू वाचतं, बॅक्टेरियात बनवलेलं टोचलं तर वाचत नाही. 2014 साली ऑस्ट्रेलियात आलेली बार्बरव्हॅक्स लस म्हणूनच आजही मेंढरांच्या पोटातून जंत गोळा करून बनते. जंताची साखर प्रोटीनला जोडणं बॅक्टेरियाला जमतच नाही.

आता तुमचे बदल. प्रोटीनला चिकटलेल्या साखळीच्या बुडाशी आपण फ्यूकोज नावाची एक साखर लावतो, हे जंत तीनपर्यंत लावतात, वर त्या फ्यूकोजवर गॅलॅक्टोज ही दुसरी साखरही चढवतात. कुत्र्याच्या पोटातला टॉक्सोकारा हा गोल जंत फ्यूकोज आणि गॅलॅक्टोजला मिथिल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) जोडतो. आपल्या साखळ्यांच्या टोकाला असतं ते सियालिक ॲसिड, म्हणजे एक आम्लधर्मी साखर, या जंतांकडं नाहीच. आणि सगळ्यात बेरकी म्हणजे फॉस्फोरिलकोलीन. आपल्याच पेशींच्या आवरणातल्या लेसिथिन या मेदाचं टोक, ते साखरेवर बसवतात. उंदरासारख्या प्राण्यांत राहणाऱ्या एका फायलेरिया जंताचं (हत्तीरोगाच्या जंताच्या कुळातला) ईएस-62 हे प्रोटीन याच गटाच्या जोरावर यजमानाच्या प्रतिकारपेशींना गप्प बसवतं. याला नक्षी म्हणणाऱ्यानं एकदा मेंढराचं पोट उघडून बघावं.

हां, एच-11 फसलं ते फक्त साखरेमुळंच, असं सिद्ध झालेलं नाही. प्रोटीनची घडी चुकणं हेही कारण असू शकतं. सर हेच म्हणतील. म्हणू देत.

मामा आता पापणी उलटून बघतो आणि फिक्या मेंढरांनाच औषध पाजतो, म्हणजे जंतांना औषधाची सवय होऊन ते लवकर निकामी होत नाही. दर दिवाळीला मात्र विचारतो, “आली का तुझी लस?”