जागा विकली गेली, चित्रीकरण कुणाचं?

प्रश्न : आम्ही माध्यम अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. झपाट्याने बदलणाऱ्या एका उपनगरातल्या जुन्या वास्तू आता कशासाठी वापरल्या जातात, यावर माहितीपट करतो आहोत. बंद कारखान्याच्या शेडमध्ये सध्या अभ्यासिका आणि व्यायामशाळा चालते. मालकांचं पत्र घेऊन तिथे अर्धं चित्रीकरण केलं. आता शेड विकली गेली. नवे मालक आत येऊ देत नाहीत आणि आधीचं चित्रीकरणही पुसून टाका म्हणतात. आम्हाला माहितीपट महोत्सवाला पाठवायचा आहे. पत्राची प्रत जोडली आहे.

उत्तर : चित्रीकरण पुसू नका. नव्या मालकांनी पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सहीही करू नका.

आत जाण्याचा विषय मात्र संपला आहे. तुमची परवानगी म्हणजे भारतीय सुविधाधिकार अधिनियम, 1882 खालचा साधा परवाना. कलम 59 नुसार जागा विकली की असा परवाना खरेदीदाराला बांधील राहत नाही. ‘आमचा खर्च झाला आहे’ हा मुद्दाही इथे चालणार नाही. परवाना रद्द न होण्यासाठी कलम 60 ला परवान्याच्या भरवशावर केलेलं कायमस्वरूपी काम लागतं, आणि चित्रीकरण त्यात बसणं अवघड आहे. दिवे, ट्रायपॉड आत राहिले असतील तर ते काढून न्यायला कलम 63 प्रमाणे वाजवी मुदत मागा. शेड बाहेरून, रस्त्यावरून टिपायला हरकत दिसत नाही.

जे आधीच चित्रित झालं, त्यावर केवळ जागा विकत घेतली म्हणून नव्या मालकांचा हक्क येत नाही. कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे पुढाकार व जबाबदारी घेणारा. इथे ते तुम्हीच दिसता. कॉलेजने प्रवेशाच्या वेळी काही लिहून घेतलं असेल तर चित्र बदलू शकतं. तो कागद शोधा.

तुमचा माहितीपट खरोखर अडू शकतो तो तुमच्याच पत्रातल्या एका वाक्यामुळे : ‘सदर चित्रीकरण केवळ महाविद्यालयीन प्रकल्पासाठी वापरले जाईल.’ मालकांनी ही अट घातली नव्हती. तुम्ही ती स्वतः लिहिलीत आणि त्यांनी खाली सही केली. विद्यार्थ्यांच्या पत्रांत हे वाक्य मला सतत दिसतं. आधीच्या वर्गाचं पत्र घ्यायचं, नावं बदलायची, की झालं! महिनोन्महिने राबून माहितीपट करणाऱ्यांनी त्याच्या पायाशी असलेलं चार ओळींचं पत्र एकदाही नीट वाचू नये, याचा मला मनापासून राग येतो. महोत्सव हा महाविद्यालयीन प्रकल्प नव्हे. त्या शब्दावर शेडमध्ये प्रवेश मिळाला असेल तर तो शब्द करार म्हणून तुमच्यावर बंधनकारक आहे, असं कोर्ट म्हणू शकतं.

हा शब्द तुम्ही जुन्या मालकांना दिला आहे. त्याचा लाभ खरेदीखताने नव्या मालकांकडे गेला असण्याची शक्यता कमी वाटते, पण खरेदीखत पाहिल्याशिवाय खात्री देणार नाही. म्हणून जुन्या मालकांकडे याच आठवड्यात जा. जागा विकलेला माणूस काही महिन्यांत पत्ता बदलतो, फोन उचलेनासा होतो. त्यांच्याकडून पुरवणी पत्र घ्या : अमुक तारखांना केलेलं चित्रीकरण महोत्सव, सार्वजनिक प्रदर्शन आणि इंटरनेट या सर्व ठिकाणी वापरायला संमती आहे, आणि मूळ पत्रातली मर्यादा यापुढे लागू नाही. तारीख, सही, दोन साक्षीदार. अभ्यासिकेतल्या ज्या मुलांच्या मुलाखती घेतल्यात त्यांच्या संमतीपत्रांतही तेच वाक्य असणार, तीही बदलून घ्या. मुलं अठराच्या खालची असतील तर पालकांची सही हवी.

‘केस झालीच तर बघू’ असं म्हणू नका. दावा निकाली निघायला वर्षं लागतील, तुम्ही तोवर नोकरीला लागलेले असाल. पण तात्पुरता मनाई हुकूम प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीही मिळू शकतो, आणि बहुतेक आयोजक हुकमाची वाट न पाहता नुसत्या वकिलाच्या नोटिशीवर माहितीपट बाजूला ठेवतात.

बाकीच्या जागांची पत्रंही काढून बघा. सही करणारा स्वतःच लीव्ह अँड लायसन्सवर असेल, तर त्याला चित्रीकरणाची परवानगी देण्याचा अधिकार होता का, हे त्याच्या करारावर ठरेल. तिथे मालकाची सही आजच घ्या, आणि महोत्सवाचा अर्ज पुरवणी पत्र हातात आल्यावरच भरा.