मुलगा प्रशिक्षणाला गेला आणि घरातले बोलणे थांबले

"मॅडम, तो तिथे राहील ना?" सैनिकी प्रशिक्षणाला गेलेल्या मुलाबद्दलचा हा प्रश्न कुटुंबांचे समुपदेशन करताना मला आता इतक्या घरांतून ऐकू येतो की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना जाहीर झाली आणि जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची मुले चार वर्षांसाठी सैन्यात जाऊ लागली. त्याच वर्षी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, त्यामुळे हा प्रश्न आता मुलींचे आईवडीलही विचारतात. शब्द थोडेफार बदलतात. कोणी जेवणाबद्दल विचारतो, कोणी उस्तादांच्या, म्हणजे प्रशिक्षकांच्या, ओरडण्याबद्दल, कोणी नुसतेच रडतो. पण प्रत्येकाच्या मनातली धास्ती तीच असते.

गोव्यात ही धास्ती जास्त जाणवते, याला कारण आहे. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पिढ्यान् पिढ्या सैनिक दिले आहेत. तिथल्या आईला काही शंका आली तर शेजारच्या घरात विचारता येते. आमच्या डिचोली, सत्तरी, पेडणे भागात शेजारणीला सरकारी नोकरी ठाऊक असते, आखात ठाऊक असते, जहाजावर गेलेला तारवटी ठाऊक असतो. तारवट्याच्या घरच्यांना महिनोन् महिने वाट पाहण्याची सवय असते, हे खरे. पण त्याच्या हाती स्वतःचा फोन असतो आणि त्याचा दिवस कसा जातो हे त्याला सांगता येते. प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यांत मुलाला हे दोन्ही नसते. घरच्यांना रिकामी जागा दिसते आणि ती जागा ते आपापल्या भीतीने भरतात.

असेच एक कुटुंब माझ्याकडे आले होते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, त्यांच्या संमतीने ती हकिकत इथे देत आहे.

घर डिचोली तालुक्यातले. वडिलांचा एकेकाळी स्वतःचा खनिजवाहू ट्रक होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मध्यंतरी काही सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. तेव्हा कर्ज फेडण्यासाठी त्यांनी ट्रक विकला. आता ते एका शाळेचा बालरथ, म्हणजे मुलांची बस, चालवतात. आई अंगणवाडीत मदतनीस. मुलगा, त्याला घरच्यांप्रमाणेच आपण बाबू म्हणू, अग्निवीर म्हणून निवडला गेला आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल झाला. धाकटी मुलगी बारावीला, शिवाय घरात आजी.

आई प्रथम एकट्याच आल्या. झोप लागत नव्हती, रात्रीचे जेवण सुटले होते. रविवारी बाबूचा फोन यायचा आणि दोन-चार मिनिटांत संपायचा.

"मी विचारते, जेवलास? तो म्हणतो, हो. बरा आहेस? हो. मग हे फोन घेतात आणि पैसे हवेत का विचारतात. तो नको म्हणतो. झाला फोन. मॅडम, पूर्वी हा मुलगा तासन् तास बडबडायचा. नक्की काहीतरी लपवतोय."

हे ऐकल्यावर मी पालकांना नेहमी जे समजावते तेच त्यांनाही समजावले. सुरुवातीच्या आठवड्यांत मुलाचा सारा दिवस दुसऱ्याच्या हुकमाने चालतो: पहाटे उठणे, धावणे, कवायत, वर्ग, हत्यारांची ओळख, संध्याकाळचे खेळ आणि रात्रीची हजेरी. पाय सोलवटतात, घसा बसतो, झोप कधीच पुरत नाही. फोन हाती येतो तेव्हा पाठीमागे इतर मुले आपल्या पाळीची वाट पाहत उभी असतात, आणि त्यांच्यादेखत कोणताही अठरा वर्षांचा मुलगा आईला मनातले सांगत बसत नाही. त्याचे "हो" म्हणजे बहुतेक वेळा थकवा असतो. खुलासा ऐकून आईंना थोडे बरे वाटले, पण मला ते पुरेसे वाटले नाही. ज्या काळजीला माहितीने उतार पडत नाही, तिचे मूळ अन्यत्र असते, हा माझा आजवरचा अनुभव आहे.

माझ्या काही सहकाऱ्यांनी अशा वेळी आईच्या दुःखावरच काम केले असते. तेही चुकीचे नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी संशोधिकेने युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून सुरुवात करून, माणूस गेलाही नाही आणि समोरही नाही अशा अधांतरी वियोगाचे फार चांगले वर्णन केले आहे. परंतु माझा कल पहिल्यापासून वेगळा आहे. घरातला एक माणूस हलला की बाकीचे सगळे कुठे सरकतात, हे मी आधी पाहते. म्हणून मी सर्वांना बोलावले, आणि मुलीलाही आणाच, असा आग्रह धरला. तिचा अभ्यास बुडेल, ही सबब मी मानली नाही. घरात जो सर्वांत कमी बोलतो, त्याला घरातले सर्वांत जास्त ठाऊक असते.

वडील खुर्चीच्या कडेवर बसले होते. "मला काही झालेलं नाही. हिला तेवढं समजवा," एवढेच म्हणाले. मुलीने मांडीवरची दप्तराची पिशवी काढली नव्हती; तिच्या बंदाचा शिवणीतून सुटलेला धागा ती बोटाला गुंडाळत होती आणि पुन्हा सोडत होती.

मी विचारले, "रविवारी फोन ठेवल्यानंतर तुम्ही दोघं एकमेकांशी काय बोलता?"

आईंनी वडिलांकडे पाहिले आणि वडिलांनी पंख्याकडे.

"काही नाही," आई म्हणाल्या. "हे बाहेर जातात."

मग मी मुलीला विचारले, "आणि तुझ्याशी?"

ती बराच वेळ गप्प राहिली. नंतर जे बोलली ते एका दमात बोलली. "फोन झाला की आई मला विचारते, बाबांचा चेहरा कसा होता. बाबा मला विचारतात, आई रडली का. बाबा बेळगावला जाऊन आले, ते आईला सांगायचं नाही. आई रात्री जेवत नाही, ते बाबांना सांगायचं नाही. आजीला दवाखान्यात नेलं होतं, ते दादाला सांगायचं नाही. हे सगळं आधी दादा सांभाळायचा. आता मी अभ्यास कधी करू?"

आईंचे लक्ष त्यातल्या एकाच वाक्यावर अडकले. "बेळगावला? कधी?"

वडिलांनी सांगितले ते तुकड्यातुकड्यांत. सुटीच्या दिवशी मित्राची गाडी घेऊन, चोर्ला घाटातून ते दोनदा बेळगावला जाऊन आले होते. आत जाता येणार नाही हे ठाऊक होते. केंद्राच्या फाटकापासून थोड्या अंतरावर चहा घेतला, आतून कवायतीचे आवाज ऐकले आणि परतले.

"मला का नाही सांगितलंत? मीही आले असते."

"तू रडली असतीस."

"मग रडले असते! इथे काय करते?"

मी मध्ये पडले नाही. कितीतरी दिवसांत ती दोघे तिसऱ्या कोणाकडे न पाहता बोलत होती, आणि ते भांडण असले तरी मला मोलाचे वाटले. मुलीने पिशवी खाली ठेवली.

पुढच्या बोलण्यातून चित्र स्पष्ट होत गेले. ट्रक विकला गेल्यापासून वडील अबोल झाले होते. पैशांचा विषय निघाला की घरात तंटा व्हायचा, म्हणून विषय काढणेच बंद झाले. बाबू तेव्हा बारा वर्षांचा. आईचा निरोप बाबांना आणि बाबांचा आईला, दोन्हीकडची धार थोडी बोथट करून पोहोचवण्याचे काम त्याने कोणी न सांगता अंगावर घेतले आणि सहा वर्षे केले. दोन माणसांतला ताण असह्य झाला की ती नकळत तिसऱ्याला मध्ये ओढतात, असे अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी मांडले आहे. कुटुंबांबरोबर काम करताना त्याचा प्रत्यय मला जितका येतो, तितका दुसऱ्या कोणत्याही विचाराचा येत नाही. बाबू बेळगावला गेला, पण त्याचे काम घरातच राहिले होते. ते आता बहिणीच्या खांद्यावर आले होते आणि तिचे पहिल्या सत्राचे गुण घसरू लागले होते. "तो तिथे राहील ना?" या प्रश्नाआड "त्याच्याशिवाय आपण दोघे इथे कसे राहायचे?" हा प्रश्न होता, आणि तो विचारण्याची कोणाची तयारी नव्हती.

म्हणून ज्या पालकांची अशी अवस्था झाली आहे, त्यांना मी आधी एक यादी करायला सांगते: गेलेले मूल घरात काय काय करत होते? या घराच्या यादीत आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आल्या, गॅसचे सिलिंडर नोंदवणे आले, मोबाईलवरून विजेचे बिल भरणे आले. शेवटी, थोडे अडखळत, "ह्यांना काय हवं ते मला सांगणं" हेही आईंनीच लिहायला लावले. त्यानंतर प्रत्येक कामाला नवा धनी नेमायचा. मात्र सगळी कामे धाकट्या भावंडावर ढकलायची नाहीत. शेवटचे काम तर कोणालाच द्यायचे नाही. आईवडिलांनी रात्रीच्या जेवणानंतर थोडा वेळ समोरासमोर बसावे आणि दिवसभरातली निदान एक गोष्ट एकमेकांना थेट सांगावी, मुलीला मध्ये न घेता, एवढेच मी या दोघांना सुचवले. पहिल्या आठवड्यात ती दोघे बालरथाच्या डिझेलवर बोलली. मी म्हटले, डिझेल चालेल.

फोनबद्दलही सांगते. त्या चार मिनिटांत मुलाची चौकशी करू नये. घरची बातमी द्यावी. जेवलास का, झोपलास का, ओरडतात का, या प्रश्नांना तो "हो" आणि "नाही" यापलीकडे काय सांगणार? चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, या घरात हे मला अनुभवायला मिळाले. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळे-फुले टांगायची चौकट, बांधायचे काम गेली काही वर्षे बाबूचे होते. यंदा मामाला बोलवावे की साधीच बांधावी, यावर घरात बरीच चर्चा झाली आणि अखेर वडील स्वतः शिडीवर चढले. पुढच्या फोनवर बाबूने पहिलाच प्रश्न विचारला, तो माटोळी कोणी बांधली हा. कांगले कुठून आणले, नारळांची पेंड कुठल्या बाजूला टांगली, सुपारीचा घोस नीट बसला का, याची तो इतकी बारीक चौकशी करत राहिला की वेळ संपल्याचे त्याला दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागले. आपले घर आपल्याशिवाय चालते आहे, ही बातमी मुलाला दुखवेल असे आईवडिलांना वाटते. मला तर नेहमी उलटेच दिसले आहे: ही बातमी मिळाली की मूल निर्धास्तपणे प्रशिक्षणाकडे वळते.

याच कारणाने वाईट बातमी दडवू नये, असे माझे ठाम मत आहे. आजीला दवाखान्यात नेले होते, आता ती घरी आहे, काळजी बहीण नव्हे तर बाबा घेत आहेत, एवढे तीन वाक्यांत सांगता येते. लपवलेली गोष्ट गावातल्या मित्राकडून कधी ना कधी कळतेच, आणि मग घरच्यांच्या "सगळं ठीक आहे" यावर मुलाचा विश्वास राहत नाही.

अग्निवीरांच्या पालकांची आणखी एक काळजी असते. चार वर्षांनंतर तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्केच कायम होणार, मग बाकीच्यांचे काय? काळजी खरी आहे आणि तिच्यावर घरात जरूर बोलावे. पण पायाला फोड आलेल्या मुलाशी रविवारच्या फोनवर ती काढू नये. साधारण सात महिन्यांचे प्रशिक्षण आणि चार वर्षांनंतरची नोकरी ही दोन वेगळी ओझी आहेत. ज्याचा दिवस आज आहे, तेच आज उचलावे.

थकव्याची कुरकुर आणि धोक्याची खूण यांत मात्र फरक करायला हवा. "कंटाळा आला", "घरी यावंसं वाटतं" हे जवळजवळ प्रत्येक मूल कधी ना कधी म्हणते आणि त्यावर लगेच "मग ये परत" किंवा "परत आलास तर तोंड दाखवू नको" यांपैकी काहीच म्हणू नये, ऐकून घ्यावे. परंतु मूल सतत निराशेचे बोलत असेल, आपण नसतो तर बरे झाले असते असे काही सुचवत असेल, किंवा दुखापत लपवून धावत असल्याचे कळले, तर त्याला उस्तादांना सांगायला आणि एमआय रूममध्ये, म्हणजे केंद्राच्या दवाखान्यात, जायला सांगावे आणि गरज पडल्यास पालकांनी स्वतः केंद्राशी संपर्क साधावा. यात कमीपणा काही नाही. घरच्या माणसाचीच झोप आणि भूक दीर्घकाळ हरपली असेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क बोलता येते.

पहिल्या रजेचीही तयारी असावी. मूल पहाटे उठेल, अंथरूण कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करेल, जेवण काही मिनिटांत संपवेल आणि दुपारभर झोपेल. पहिले दोन दिवस तरी पाहुण्यांची रांग लावू नये. यादीतली कामे कौतुकाने त्याच्याकडे परत देण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण रजा संपली की ती पुन्हा धाकट्यांच्या अंगावर येतात.

बाबूच्या आईंना हा मोह आवरला नाही. तो रजेवर आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारले, "बाबू, बाबांना जरा विचारशील?" तो म्हणाला, "आई, बाबा सोप्यावर बसलेत. तूच विचार." त्यांनी मला हे फोनवर सांगितले तेव्हा थोड्या रागावलेल्या होत्या. मी विचारले, मग गेलात का सोप्यावर? गेले म्हणाल्या, विचारायचे होते ते गॅसच्या पावतीचे, आणि पावती ह्यांच्या खिशातच होती.