आठनंतर पाणी कोमट का येतं?

प्रश्न : आमच्या वृद्धाश्रमात २२ आजी-आजोबा आहेत. छतावर ३०० लिटरचा सोलर आहे. पहाटे साडेपाचला आंघोळी सुरू होतात आणि थंडीत शेवटच्या सहा-सात जणांच्या वाट्याला कोमट पाणी येतं. दुकानदार म्हणतो, ५०० लिटरची टाकी बसवा. बसवावी का?
– एक व्यवस्थापिका, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, पैसे काढायच्या आधी बादल्या मोजू. माणशी २० लिटर धरलं तर ४४० लिटर पाणी झालं. विहिरीचं पाणी १८ अंशांचं आणि टाकीतलं ६० असेल, तर विसण घालून अंगाला सोसेल असं ४१ अंशांचं पाणी करायला टाकीतलं साधारण २४० लिटर लागतं. म्हणजे पुरून उरतं. पण डिसेंबरात पहाटेपर्यंत टाकी ५० वर उतरली, की तेवढ्याच आंघोळींना ३१५ लिटर हवं. शिवाय वरून गरम काढाल तसं खालून गार पाणी आत शिरतं. तुमचे शेवटचे सहा जण इथे अडकतात.

पाइपाचंही बघा. एक इंची पाइप ६० फूट लांब असेल, तर त्यात नऊ लिटर पाणी रात्रभर गारठून बसतं. पहिल्या आजोबांची अर्धी बादली त्यातच जाते. त्या पाइपाला वेष्टण घाला. नव्या टाकीपेक्षा फार स्वस्त पडतं. टाकीत दोन किलोवॅटचा हीटर असेल तर पहाटे साडेतीनला लावा. दोन तासांत चार युनिट जळतील आणि पाणी ११ अंशांनी वर येईल. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरवर चुन्याचा थर चढतो, तो दरवर्षी खरवडून घ्या.

पण खरा उपाय फुकटातला आहे. सोलरचं पाणी दुपारी तीन-चारला सगळ्यात कडक असतं आणि आपण ते रात्रभर निववून पहाटे वापरतो! पूजेवाल्यांना पहाटे न्हाऊ द्या. जे अंथरुणावर आहेत, त्यांना दुपारी अंगणातल्या उन्हाजवळ न्हाऊ घाला. कुरकूर होईल, चार दिवस.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलं नाही ती सांगतो. माझ्या मायला साखर होती, पायाला संवेदना नव्हती. एकदा मीच घाईत गरम पाणी आधी ओतलं आणि तिने त्यात पाय ठेवला. ती काहीच बोलली नाही, रात्री फोड दिसले. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच कातडी भाजते, म्हाताऱ्यांची तर त्याहून लवकर. म्हणून बादलीत आधी गार, मग गरम आणि कोपर बुडवून बघितल्याशिवाय कुणाच्याही अंगावर तांब्या ओतायचा नाही. एप्रिलात उन्हाने टाकीतलं पाणी आणखी कडक होतं, तेव्हा तर हे जास्तच सांभाळा.

जुना तांब्याचा बंब असेल तर तो भंगारात घालू नका. आभाळ आलं आणि लाइनही गेली, तर जाळायला कापसाच्या पऱ्हाट्यांना तुमच्याकडे काय तोटा?