आजीच्या ट्रंकेतलं बोचकं

प्रिय चिऊ,

परवा रविवारी आजीशी व्हिडिओ कॉल चालू होता, तेव्हा तिने ट्रंक उघडून तुला पांढऱ्या पंच्यात बांधलेलं एक बोचकं दाखवलं. "हे माझ्या शेवटच्या वेळचं हो," असं ती अगदी लोणच्याची बरणी दाखवावी तसं म्हणाली. रात्री झोपताना तू मला दोन प्रश्न विचारलेस. आजी आजारी नाही, मग ती मरायची तयारी का करतेय? आणि तू तिला थांबवत का नाहीस? मी "झोप आता, उद्या बोलू" म्हटलं आणि दिवा मालवला. ते माझं चुकलं. बारा वर्षांच्या मुलीने इतकं नीट विचारल्यावर उत्तरही नीटच द्यायला हवं. तोंडाने सांगायला गेले तर माझा गळा दाटून येईल आणि तू मलाच समजावत बसशील, म्हणून लिहून देते. एखादा शब्द अडला तर विचार.

आधी त्या बोचक्यात काय आहे ते सांगते, कारण कॉलवर तुला फक्त वरचं लुगडं दिसलं.

ते लुगडं इरकली आहे, जांभळं. वाईच्या मामाआजोबांनी आणून दिलंय. बाईच्या अंगावर शेवटचं वस्त्र माहेरचं असावं अशी आपल्याकडे रीत आहे. नवरा असताना बाई गेली तर तिला हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. नवरा आधी गेलेला असला की मात्र पांढरं नाहीतर फिकं काहीतरी गुंडाळतात. आजीने भावाला बजावलं होतं, "मला जांभळं आण, काठ लाल असू दे." रीत पाळली, पण त्या रीतीतला जो भाग बाईला कमी लेखतो तो तिने गुपचूप काढून टाकला. मला तिचा फार अभिमान वाटतो.

लुगड्याच्या घडीत एक पाकीट आहे, त्यात लाकडांचे आणि इतर खर्चाचे पैसे. एक प्लास्टिकची फाईल आहे, तिच्याबद्दल पुढे लिहिते. आणि एक तांब्याचा गडू आहे, तुझ्या मुठीत मावेल एवढा. त्याच्या तोंडावर डाख लावलेला आहे, त्यामुळे तो उघडता येत नाही. कानाशी धरून हलवला की आत पाणी डुचमळतं. लहानपणी देवघर आवरायच्या दिवशी मी आणि मामा तो आळीपाळीने कानाला लावायचो आणि ओरडा खायचो. तुझे खापरपणजोबा काशीला गेले होते तेव्हा त्यांनी असे चार गडू आणले, त्यात गंगेचं पाणी आहे. माणूस जायला लागलं की डाख काढतात, त्याच्या तोंडात दोन थेंब घालतात आणि ओठांवर तुळशीचं पान ठेवतात. जुन्या मराठी घरांत देवघराच्या कोपऱ्यात असा गडू असायचाच. म्हणजे रोज देवपूजा करताना घरातल्या प्रत्येकाला मरण समोर दिसत असायचं आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

पहिला गडू खापरपणजोबांसाठी उघडला, दुसरा पणजोबांसाठी. तिसरा पणजीसाठी उघडला, तेव्हा मी तिथे होते.

ते साल 1991. मी नऊ वर्षांची होते. पणजीने आठवडाभर आधीच जेवण सोडलं होतं. सोडलं म्हणजे रुसून नव्हे, तिला भूकच लागत नव्हती. शरीर मिटायला लागलं की भूक आधी जाते. आजी दोन चमचे पेज भरवायची, तिसऱ्याला पणजी तोंड फिरवायची. गावातले डॉक्टर म्हणाले, "आता आग्रह करू नका." तिची कॉट माजघरातून ओटीवर आणली, तिथून तिला अंगणातली तुळस दिसायची. लोक येत होते. कुणी पाय चेपायचं, कुणी नुसतं बसायचं, संध्याकाळी शेजारच्या बायका हरिपाठ म्हणायच्या. आम्हा मुलांना कुणी बाहेर हाकललं नाही. मला तर कामच दिलं होतं. वाटीत पाणी, त्यात कापसाचा बोळा. बोळा पिळायचा आणि पणजीच्या ओठांवरून फिरवायचा, कारण तिला गिळता येत नव्हतं आणि पाणी ओतलं असतं तर ठसका लागला असता. तिचे ओठ सुकलेल्या सालीसारखे झाले होते. बोळा फिरवला की ती जिभेचं टोक जरासं बाहेर काढायची. तेवढ्यावरून मला कळायचं, बरं वाटलं.

मग घरघर लागली. श्वास घशात खुळखुळतो, मध्येच थांबतो, पुन्हा सुरू होतो. मी घाबरले. आजीने मला जवळ घेऊन सांगितलं की हा आवाज आपल्याला ऐकवत नाही, पण तिला त्याचा त्रास होत नसतो. पणजीला जमिनीवर घोंगडीवर घेतलं. दीड दिवस झाला तरी ती तशीच. बायका कुजबुजायला लागल्या, "कशात तरी जीव अडकलाय." आपल्याकडे असं मानतात की माणसाचं काही राहून गेलं असलं की तो सुखाने जात नाही. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही तर सगळे जण "आम्ही सांभाळू, काळजी करू नका" असं हात जोडून सांगतात, तेही त्याच समजुतीतून. त्या वेळी घरात गाभण गाय होती आणि काका ती विकायच्या गोष्टी करत होता. आजी पणजीच्या कानाशी वाकली. सासूला ती आत्याबाई म्हणायची. "आत्याबाई, गाय मी बघते. विकणार नाही कुणी." पहाटे पणजी गेली. त्या वाक्यामुळे गेली की तिची वेळच झाली होती, कुणास ठाऊक. आजीने मात्र ती गाय पुढे सात वर्षं सांभाळली.

चौथा गडू आजोबांसाठी होता. तोच आता बोचक्यात आहे, डाख न काढलेला.

आजोबा गेले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. त्यांना पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं आणि तिथे ते अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. नळ्या ओढू नयेत म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. सकाळी पाच मिनिटं आणि संध्याकाळी पाच मिनिटं, एकाच माणसाला आत सोडायचे. आजी बाहेरच्या बाकावर बसलेली असायची आणि तिच्या कापडी पिशवीत तो गडू असायचा. तिने दारावरच्या माणसाला दोनदा विचारलं, दोन थेंब घालू का. तो नाही म्हणाला. नियम असतील, जंतुसंसर्गाची भीती असेल, ते मला कळतं. पण "हे आता बरे होणार नाहीत, घरी न्यायचं का" असं त्या अकरा दिवसांत एकाही डॉक्टरने आजीला बसवून विचारलं नाही. रोज एक नवा कागद यायचा आणि मामा सही करायचा. आजोबा रात्री तीन वाजता गेले, तेव्हा त्यांच्या जवळ घरातलं कुणीही नव्हतं.

मी इथून मिळेल त्या विमानाने निघाले. घरी पोचले तेव्हा अंगण धुतलेलं होतं आणि शेजारच्या काकू पिठलं-भात घेऊन आल्या होत्या. सगळं आटोपलं होतं. इथे इंग्लंडमध्ये माणूस गेल्यावर अंत्यविधीला दोन-तीन आठवडेसुद्धा लागतात, हे तू समोरच्या घरातल्या आजीबाईंच्या वेळी पाहिलंस. आपल्याकडे त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी नेतात. उन्हाळा असतो, गावात गार ठेवणारी शवपेटी मिळेलच असं नाही, आणि घरातून नेईपर्यंत आळीत कुणाच्या चुली पेटत नाहीत. परदेशातल्या लेकीसाठी कुणी थांबत नाही आणि थांबावं असं मी म्हणणारही नाही. पण त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली. आपण इतक्या लांब राहतो, तर निरोप माणूस असतानाच घ्यायला हवा.

आता त्या फाईलबद्दल. त्यात दोन कागद आहेत.

एकाला लिव्हिंग विल म्हणतात. मी पुढे बोलू शकले नाही आणि बरी होण्याची आशा उरली नाही, तर मला नळ्यांवर ठेवू नका, दुखणं कमी होईल एवढं करा आणि घरी न्या, असं आजीने शुद्धीत असताना लिहून ठेवलंय. हा हक्क सहज मिळालेला नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग नावाच्या नर्स होत्या. 1973 साली त्यांच्यावर हल्ला झाला, मेंदूला इजा झाली आणि त्या पुढे जवळजवळ 42 वर्षं तशाच अवस्थेत अंथरुणावर होत्या. केईएमच्या नर्सेसनी त्यांना आपल्या घरच्या माणसासारखं जपलं. एक पिढी निवृत्त झाली की पुढची करायची. त्यांना असं किती काळ ठेवायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यांना आता जाऊ द्यावं, अशी त्यांच्यासाठी केलेली मागणी 2011 मध्ये न्यायालयाने नाकारली, नर्सेसना त्या जगायला हव्या होत्या. पण आशा नसलेल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार कडक अटींवर थांबवता येतील, हे त्या निकालात मान्य झालं. अरुणाताई 2015 मध्ये गेल्या. मग 2018 मध्ये न्यायालयाने लिव्हिंग विल ग्राह्य धरलं आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. तरीही नुसता कागद दाखवून काही थांबत नाही, डॉक्टरांच्या दोन वेगवेगळ्या मंडळांनी तपासून होकार द्यावा लागतो. मला ते योग्य वाटतं.

हे मरण मागणं आहे का, असं तुझ्या मनात येईल. नाही गं. मरण आलंच तर ते ओढूनताणून लांबवू नका, एवढंच तिचं म्हणणं. वर्ध्याजवळ पवनारला विनोबा भावे शेवटच्या आजारात अन्न आणि औषध सोडून शांतपणे गेले, नोव्हेंबर 1982 मध्ये. आजी त्यांचं नाव घेते खरं, पण "मला तेवढं जमायचं नाही, मला शेवटपर्यंत चहा द्या" असंही म्हणते.

दुसरा कागद नेत्रदानाचा. डोळे साधारण सहा तासांच्या आत काढून घ्यावे लागतात, म्हणून फोन कुणी करायचा हे तिने मामीला सांगून ठेवलंय. पंखा बंद करायचा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी तिची बुबुळं कुणाला तरी चालतील, हे कळल्यावर ती हरखून गेली होती.

समोरच्या आजीबाई हॉस्पिसमध्ये, म्हणजे बरं न होणाऱ्या माणसांना शेवटच्या दिवसांत सांभाळतात तिथे, होत्या तेव्हा तू त्यांना कार्ड दिलंस. नर्स ओल्या मऊ ब्रशने त्यांचे ओठ पुसत होती, आठवतं? मला तिथेच रडू फुटलं आणि तू विचारलंस काय झालं. तो माझा कापसाचा बोळा होता, दुसरं काही नाही. सिसिली साँडर्स या बाईंनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्टोफर्स सुरू केलं, तिथून आजच्या हॉस्पिसची सुरुवात झाली. भारतातलं पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईत बांद्र्याला उभं राहिलं, शांती आवेदना सदन. दुखणं आवरायचं, माणसाला स्वच्छ ठेवायचं आणि जवळ बसायचं, एवढ्यावर ते चालतं. पणजीच्या ओटीवर दुखण्यावरचं औषध तेवढं नव्हतं, बाकी तेच चाललं होतं.

राहिला तुझा दुसरा प्रश्न, मी तिला थांबवत का नाही. मी थांबवायचे. ती "माझ्या माघारी" म्हणाली रे म्हणाली की मी "काहीतरी अभद्र बोलू नकोस" म्हणून तिचं तोंड बंद करायचे. आपल्याकडे सगळेच असं करतात, "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणतात आणि विषय बदलतात. आपण घराबाहेर पडतानाही "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. इतकी जपलेली भाषा आहे, आणि मला ती प्रिय आहे. पण त्या जपण्यापायी म्हातारी माणसं एकटी पडतात. त्यांना सांगायचं असतं आणि ऐकायला कुणी बसत नाही. आजोबांना काय हवं होतं हे आम्ही त्यांना कधी विचारलंच नव्हतं, म्हणून मामाला ते सगळे कागद अंदाजाने सही करावे लागले. गेल्या वर्षी आजीने पुन्हा विषय काढला तेव्हा मी पहिल्यांदा गप्प बसले आणि ऐकलं. ती पाऊण तास बोलली. शेवटी म्हणाली, "बरं वाटलं बघ. आता चहा टाकते."

तेव्हाच तिने मला सांगितलं, "तू विमानात असलीस तरी मला न्यायचं थांबवा असं कुणाला सांगू नकोस." मी हो म्हटलं. म्हणून आपण दिवाळीला तीन आठवडे जातोय, बाबांनी तिकिटं काढलीत. तुझी शाळा चार दिवस बुडेल, बुडू दे.

आजी ठणठणीत आहे, सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाते. तुला रात्री पुन्हा भीती वाटली तर मला उठव. आणि रविवारी ती बोचक्याविषयी काही बोलली तर विषय बदलू नकोस. जांभळाच रंग का, ते तिला विचार. त्याची एक गोष्ट आहे, तिच्या लग्नाआधीची. मला ती अर्धीच माहीत आहे.

तुझी,
आई