टाकीवरचं झाकण घरीच करायचं तर कशाचं?

प्रश्न : नमस्कार दादा, आमच्याकडे दोन फुटी टाकी आहे, त्यात गुरामी आणि झेब्रा डॅनिओ. मागच्या महिन्यात दोन डॅनिओ उडी मारून बाहेर पडले, सकाळी फरशीवर सुकलेले सापडले, मुलगी दिवसभर रडत होती. मग मुलानं अॅक्रेलिकची शीट कापून झाकण केलं तर थोड्याच दिवसांत ते मधून खाली बसलंय आणि कोपरे वर आलेत. आता काय वापरू? आणि गच्च बंद केलं तर मासे गुदमरतील का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, मुलाच्या कामात काही खोट नाही, अॅक्रेलिक वाकतंयच. खालून सतत वाफ लागते, ती बाजू थोडं पाणी पिऊन फुगते, वरची कोरडीच राहते, मग मधला भाग खाली आणि कोपरे वर. उलटी करून ठेवली की काही दिवस सरळ होते, परत तेच. प्लायवूडचा तर विचारही करू नका, तुमच्याकडच्या पावसात ते टाकीच्या वाफेशिवायच फुगतंय.

माझं ऐकाल तर साधी काच घ्या, ४ एमएम. दोन फूट बाय एक फूट काचेचं वजन पावणेदोन-दोन किलोच्या आसपास भरतं, म्हणून अख्खी एक न घेता दोन तुकडे करा, एक उचलून खाऊ घालता येतं. माप मात्र टाकीच्या आतून घ्या, दुकानदारानं सांगितलेलं २४ बाय १२ हे बाहेरचं माप असतंय. लांबी-रुंदीत प्रत्येकी ३-४ एमएम कमी धरा, आणि मागच्या बाजूला दीड-दोन इंच मोकळं सोडा, तिथूनच फिल्टरचा पाइप आणि हीटरची वायर जाणार. काचवाल्याला कोपऱ्यात चौकोनी खाच मारायला सांगू नका, त्या खाचेच्या आतल्या कोनातूनच काच तडकते. चारी कडा घासून मात्र घ्या, नाहीतर रोज हात कापणार.

आता काच टेकवायची कशावर? टाकीच्या वरच्या काठापासून एक सेंटिमीटर खाली, आतल्या बाजूला काचेच्या छोट्या पट्ट्या सिलिकॉननं चिकटवा. काठाच्या वर ठेवलेलं झाकण बाहेर थेंब गाळतं आणि स्टँड कुजवतं, आत बसवलेल्याचं पाणी परत टाकीतच पडतं. सिलिकॉन घेताना ट्यूब वाचा : बाथरूमसाठीचं बुरशी न येणारं सिलिकॉन नको, त्यातलं औषध माशांना विषारी. लावताना व्हिनेगरसारखा वास येणारं साधं चालतं, वास पूर्ण जाईपर्यंत पाणी आणि मासे त्याच्या जवळ आणू नका, एक दिवस तरी जाऊ द्याच. वर उचलायला काचेचाच एक छोटा तुकडा मूठ म्हणून चिकटवा.

मागची मोकळी पट्टी तशीच ठेवली तर डॅनिओ नेमका तिथूनच उडणार, म्हणून तिथं छपराला वापरतात ती पोकळ पॉलिकार्बोनेट शीट पाइपपुरती कापून बसवा, ब्लेडनं कापली जाते, हलकी असते आणि अॅक्रेलिकसारखी वाकत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं तर तेवढी शीट काढून मच्छरजाळी लावा.

गुदमरण्याचं भय बाळगू नका. ऑक्सिजन पाण्यात विरघळतो तो पृष्ठभाग हलल्यामुळं, फिल्टर चालू असेल आणि थोड्या फटी असतील तर पुरे. गुरामी मात्र वर येऊन हवा घेतात, त्यामुळं पाणी आणि काच यात इंच-दोन इंच अंतर हवंच. डिसेंबर-जानेवारीतल्या आपल्याकडच्या गार पहाटे झाकणाखालची ती दमट ऊबदार हवा गुरामीला फार मानवते, उघड्या टाकीत थेट गार हवा घ्यावी लागते.

प्रश्न : काचेच्या झाकणाला खालून पांढरे डाग पडतात, बोअरचं पाणी आहे. लाइटचा उजेडही कमी झालाय. काय लावू?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : ते क्षार आहेत, बुडबुडे फुटून उडालेले थेंब सुकले की राहतात. झाकण बाहेर काढून व्हिनेगर लावा, थोडा वेळ ठेवा, साध्या पाण्यानं खळखळून धुवा, साबण अजिबात नको. एअर स्टोन, म्हणजे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा तो दगड, झाकणाच्या अगदी खाली असेल तर मागच्या कोपऱ्यात सरकवा. आणि वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात, म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी दरवेळी बोअरचंच टाकत राहिलात तर पाणी जड होत जातं, छपरावरचं स्वच्छ पावसाचं पाणी असेल तर भर घालायला ते वापरा. एलईडी काचेच्या वरच ठेवा, आणि वायर प्लगच्या खाली एक वळसा देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता त्या वळशातून खाली गळतं.